मी बदललेली दोन नावं

शिनोली,
११ ऑक्टोबर २००९

प्रिय प्रांजल,

तिकडे तुमच्या आणे गावी सगळी बरी असतील. आईचा गुडघा कसा आहे? आमच्याकडे भात कापायला आलाय, अप्पा शेतावरून हलत नाहीत. तू ऑफिस सोडून तीन आठवडे झाले. 'सोडून' लिहिलं बघ. तुला काढलं, हे लिहायला हात धजत नाही.

आपण ऑफिसात बनवत होतो ती रोपवाटिकेची वेबसाइट अखेर उभी राहिली. ती तयार साच्यांची झिप फाईल मी परत उतरवून घेतली आणि या वेळी शहाण्यासारखी आधी नीट बघितली. एका फोल्डरात रंग-अक्षरांच्या फायली, दुसऱ्यात मेनू-बटणं हलवणाऱ्या, तिसऱ्यात चित्रं. पहिल्या दोन्हींत एकेक फाईल दोनदा: एक सुटसुटीत, एक सगळं एका ओळीत कोंबलेली. मी तिला बिघडलेली म्हणायचे. तू म्हणालीस, "अगं, बिघडली न्हाई, दाबून भरलीय. लवकर उघडावी म्हणून." बरोबर होतं तुझं. तू लई हुशार, आणि मला त्याचाच राग यायचा.

आता खरं सांगते. सर नेहमी म्हणतात ना, नाव असं द्या की मागून येणाऱ्याला कळावं? त्या शुक्रवारी तू चहाला गेलीस तेव्हा मी रंग-अक्षरांच्या 'सीएसएस' फोल्डरचं नाव 'कपडे' केलं आणि मेनू हलवणाऱ्या 'जेएस'चं 'हालचाल'. पान मात्र जुन्याच नावांनी हाका मारत राहिलं. तू परत येऊन, पान उघडून न बघता, रोपांची माहिती टाईप करत बसलीस, तुला पत्ताच नाही.

शनिवारी गिऱ्हाइकासमोर उघडलं तर ना रंग, ना मेनू, नुसता मजकूर. सर ओरडले, "शेवटी कोण बसलं व्हतं यावर?" तू म्हणालीस, "मी." मी खिडकीतून एसटी बघत राहिले.

नाव बदललं की पान मोडतं, हे तेव्हा खरंच माहीत नव्हतं. पण आपण काहीतरी केलंय, एवढं माहीत होतं.

सरांना सांगायला दोनदा उठले. दोन्हीदा पाणी पिऊन जागेवर आले. म्हणून हे पत्र. तू ते सरांना दाखव. माझी नोकरी गेली तरी चालेल, असं मी म्हणणार नाही; मुळीच चालणार नाही, अप्पांना काय सांगणार? तरी दाखव. कुणी लिहिलंय याची शंका नको, यासाठी खाली पूर्ण नाव लिहिते.

'तुझी' लिहायची हिंमत नसलेली,
रत्ना भागुजी लोखंडे