माह्या गालांची जाहिरात

नागपूर, सोमवार

माय, तुले दामिनीचा दवाखान्यातून नमस्कार.

मी बरी आहो. इथं जेवण चांगलं मिळते. बाबूजी वेळेवर जेवून राहिले का?

डॉक्टरनं माहे सांधे दाबून पाहिले, रक्त तपासलं, मी खात होती ते पुडीबी तपासायले धाडली. तुमसरच्या बाजारातल्या वैदूच्या वाताच्या पुडीत स्टेरॉइड निघालं. औषध वाईट नाही माय, पण ते तपासून, मापून द्यावं लागते. माहे गाल भरले तं आपण म्हटलं, पोरीची तब्येत सुधरली. ती सूज होती. आतून हाडं ठिसूळ होऊन राहिली होती. अन् तो मेला मलेच उभी करून गिऱ्हाइकांले माहे गाल दाखवे!

तूबी गुडघ्यासाठी तीच पुडी घेतेस. एकदम बंद नको करू, जिवावर बेतते. कैलाशदादासंग लवकर इथं ये. डॉक्टर हळूहळू कमी करतीन.

त्या वैदूले काही बोलू नको. उलट सांग, दामिनी बाजारात येऊन राहिली. तो मले पुन्हा उभी करीन, गर्दी जमवीन. मंग मीच बोलीन. डॉक्टरनं औषध खात्याच्या साहेबाले कळवलं आहे, तो त्या गर्दीतच राहीन.

गाल उतरायले वेळ लागीन म्हणते डॉक्टर. मले घाई नाही. ते उतरायच्या आधी मले बाजार गाठायचा आहे.

तुही गुबगुबीत लेक,
दामिनी