धाकटीचा स्पंज

३ मार्च

धाकटीचा स्पंज चालला!

चालला कसला, धावला! काल थाळीत जंतू पसरून मधोमध तिच्या समुद्री स्पंजाच्या अर्काचा थेंब सोडला होता. आज झाकण उघडलं, तर थेंबाभोवती स्वच्छ गोल — पार कडेपर्यंत. कुठल्याही औषधाला न जुमानणारे जंतू, आणि तिथे एक शिल्लक नाही. माझ्या स्पंजाचा गोल दोन वर्षांनंतरही शर्टाच्या बटणाएवढाच.

प्रयोगशाळेचे सर तिच्या टेबलापाशी अर्धा तास! माझ्याकडे येतात ते घड्याळ बघत.

सख्खी बहीण आहे, आनंद व्हायला हवा. नाही झाला.

४ मार्च

आईचे सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले. "आमच्या धाकटीने समुद्रातून औषध काढलं हो!" औषध कुठलं? नुसता अर्क आहे. त्याचं औषध व्हायला अर्धा जन्म जातो. हे म्हटलं तर मलाच — "तुला मेलीला कुणाचं कौतुक बघवत नाही."

नाहीच बघवत.

स्पंज प्राणी खरा, पण त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. म्हणून बिचारा जागच्या जागी बसून विष तयार करतो. सध्या माझंही तेच चाललंय.

७ मार्च

शिकवायला लागली मला!

"ताई, तू अजून प्लास्टिकच्या बाटल्या वापरतेस? काचेच्या घे ना. मी धुऊन ठेवल्यात तुझ्यासाठी."

पिपेट कशी धरायची हे जिला मी शिकवलं, ती! म्हटलं, तुझ्या बाटल्या तुलाच लखलाभ. तिचा चेहरा पडला. बरं वाटलं.

१० मार्च

सरांनी सांगून टाकलं — प्राण्यांवरच्या चाचणीला एकच संयुग जाणार. तिचं, नाहीतर माझं. एकवीस तारखेच्या बैठकीत ठरणार. माझं मागे पडलं तर दोन वर्षं मातीमोल, आणि जन्मभर मी "धाकटीची ताई".

दिवसभर एकच विचार. एवढा मोठा गोल येतोच कसा? आमच्या कामात हे होतं — समुद्रातलं नवं संयुग सापडलं म्हणून माणूस नाचतो आणि शेवटी निघतं काय, तर बाटलीच्या प्लास्टिकमधून अर्कात उतरलेलं रसायन! तेही थोडेफार जंतू मारतं. धाकटी कितीही काच-काच करू दे, कुठेतरी घसरली असणार.

तपासणं सोपं आहे. स्पंज घालायचाच नाही. अर्क काढायला वापरतो ते नुसतं द्रावण तिच्या बाटलीत ठेवायचं आणि ते मशीनला लावायचं. त्यात जे मिसळलं असेल त्याचं आलेखावर टोक उठतं. काही दिसलं तर ते बाटलीचं!

आज जेवण गोड लागलं.

१४ मार्च

तिची बाटली स्वच्छ निघाली. आलेखाची रेघ सरळच्या सरळ.

सोबत माझ्या बाटलीतलं द्रावणही लावलं होतं. आपलं उगीच, तुलनेला. त्यात एक टोक वर आलंय. माझ्या संयुगाचं. बरोब्बर त्याच जागी. आणि बाटलीत स्पंज नव्हताच!

ही चाचणी मी सुरुवातीलाच केली होती. केली होती! पण त्या दिवशी बाटल्या संपल्या होत्या, म्हणून काचेच्या पेल्यात उरकली. अर्थात काही दिसलं नाही. आणि मी निर्धास्त झाले.

दोन वर्षं मी बाटलीचा अर्क काढत बसले होते.

१५ मार्च

कुणाला कळलेलं नाही.

१९ मार्च

बैठकीसाठी दोघींचे नमुने मशीनकडे द्यायचे होते. धाकटीला म्हटलं, दे, तुझाही मीच नेते. किती खूश झाली! "ताई, राग गेला ना तुझा?"

तिचा अर्क दिवसभर माझ्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवला. संध्याकाळी परत तिच्या काचेच्या बाटलीत ओतला आणि नेऊन दिला. आता तिच्या अर्कातही माझं टोक दिसेल. सर म्हणतील, हिच्या यशात ताईच्याच संयुगाचा वाटा! होऊ दे आम्ही एका माळेचे मणी.

दोनदा बाटली खाली ठेवली. पण ओतलं.

२० मार्च

मशीनवाले काका जिन्यात भेटले. म्हणाले, "तुझी रिकामी बाटली सगळ्यांनाच तपासायचीय की काय? मागच्या महिन्यात धाकटीनेही लावलं होतं, तुझ्याच बाटलीतलं द्रावण. टोक बघून रडायलाच लागली. मी म्हटलं, सांग की ताईला. तर म्हणे, तिचं तिलाच सापडू दे काका. मी सांगितलं तर जन्मात बोलणार नाही माझ्याशी."

म्हणून त्या काचेच्या बाटल्या.

"काका, धाकटीचा नमुना जरा परत द्या," म्हटलं.

"आता कुठला परत? सकाळीच झाला. आलेख सरांकडे गेले."

घरी धाकटी विचारत होती, उद्या कुठले कपडे घालू. मला तिच्याकडे बघवेना.

२१ मार्च

सरांनी आलेख पडद्यावर लावले. "तुमच्या नमुन्यात ताईंचं संयुग कसं?"

धाकटी बघतच राहिली. मग माझ्याकडे वळली. तिला कळलं — नमुना कुणी नेला होता ते तिला माहीतच होतं. आणि सरांना म्हणाली, "सर, चूक माझी. ताईची बाटली मी न धुता वापरली."

सर भडकले. इतका निष्काळजीपणा! तुमचं मागे ठेवू या. ताईंचंच पुढे जाऊ दे.

टाळ्या वाजल्या. धाकटीने नाही वाजवल्या. डोळे भरलेले, पण माझ्यावरून हटत नव्हते.

मी उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, आभार मानायला.