टॅग काढायचा राहिला

बाबा,

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, गाडी तयार होती. ब्रेक शू बदललेले, चाकं चढवलेली, चौकापर्यंत नेऊन पाहिलेली. हे मी म्हणत नाही, तुमच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. आई साडेतीनला स्वयंपाकघरात खाली बसली. मधले जवळजवळ चार तास गाडी भिलाईतल्या आपल्या सेक्टर दोनच्या क्वार्टरसमोर ठणठणीत उभी होती आणि स्टिअरिंगला तुमचा लाल टॅग लटकत होता. एवढं कळायला मला पस्तीस वर्षं लागली. परवा, मंगळवारी कळलं.

मंगळवारी मी गाडी रिकामी करत होते. तुमच्या नातवानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, ती विकायला काढली आहे. मला विचारून नाही, सांगून. "आत्या, पाच साल और चलाके क्या मिलेगा? आरटीओत परत रांग लावशील? पार्ट तरी मिळून राहिले का तिचे?" पार्ट मिळत नाहीत, हे खरं आहे. सुपेल्याचा मिस्त्री डोळ्यांनी अधू झाला, त्याच्या मुलानं तिथे मोबाइलचं दुकान घातलं. नंबर प्लेटवर अजून मध्य प्रदेश आहे. सगळं खरं आहे, म्हणून तर मला त्याचा जास्त राग आला. रविवारी अकरा वाजता राजनांदगावचा कोणी माणूस ती न्यायला येणार आहे. त्याला जुन्या गाड्यांचा शौक आहे म्हणे. भाचा म्हणाला, "खूश रहेगी वहाँ." जणू लेकीची सोयरीक जमवून राहिला होता.

मी तुमचाच नियम त्याला ऐकवला. गाडी किती वर्षं ठेवायची, हे मी तुम्हाला किती वेळा विचारलं असेल! शेजारीपाजारी दर पाच-सहा वर्षांनी नवी आणत होते. मी शिकवायची त्या शाळेच्या फाटकातून मी आपली खडखडत आत शिरायची आणि नववीच्या पोरी खिडकीतून हसायच्या. तुमचं उत्तर ठरलेलं. "मशीन म्हातारी झाली म्हून कोणी काढत नाही बाई. तिचा आवाज समजणारा माणूस हाये तोपर्यंत ठेवायची." मला तो चिक्कूपणा वाटायचा. आवाज समजणारे तुम्ही गेलात, त्याला अठरा वर्षं झाली. तरी मी ती ठेवली. मला तिचा आवाज कधीच समजला नाही. नुसता ओळखीचा होता.

मागच्या सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत तुमची वही सापडली. स्टील प्लांटच्या लॉगबुकसारखेच रकाने, पट्टीनं आखलेले. तारीख, काम, टॅग लावला, टॅग काढला, शेरा. मला हसू आलं. घरातल्या कुठल्याही यंत्राला तुम्ही प्लांटच्याच शिस्तीनं हात लावायचात. काम सुरू करण्याआधी लाल टॅग बांधायचा, "काम चालू आहे, सुरू करू नका", खाली आपलं नाव. आणि ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा, मग जनरल मॅनेजर का येईना. हा नियम मी पुस्तकात नाही शिकले. मी अकरा वर्षांची होते, मे महिना होता, घामानं अंगाला कपडे चिकटत होते. तुम्ही कूलरच्या मागे बसला होता. मी पुढून टॅग काढला आणि बटण दाबलं. पंख्याच्या पात्यानं तुमच्या उजव्या हाताचं बोट फाडलं. तुम्ही आधी बोटाला फडकं गुंडाळलं, मग डाव्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. एकदाच. "तिथं माणूस मरते, समजलं? ज्यानं लावला त्यानंच काढायचा." त्या बोटाचं नख नंतर कधी सरळ उगवलं नाही. जेवताना तुम्ही भात कालवायचात आणि माझी नजर तिथेच जायची.

तर तो तान्हा पोळा. तुमची बी शिफ्ट, दुपारी दोनची. एक वाजता तुम्ही जेवून सायकलनं गेलात. संध्याकाळी कॉलनीतली पोरं लाकडी नंदी ओढत दारात येणार, म्हणून आई त्यांच्यासाठी गोड खुरमीच्या पुड्या बांधत बसली होती. मला शाळेची सुटी होती. मी तिला म्हणत होते, "आई, इतक्या पुड्या कोणाला?" ती म्हणाली, "पोरं का मोजून येतात?" आणि मग, "मले कसं तरी हून राहिलं." पुडीचा दोरा तिच्या हातातच राहिला. मी किल्ली घेऊन धावत बाहेर आले, गाडीचं दार उघडलं. समोर टॅग. तुमचं नाव.

मी गाडीतून उतरले, बाबा. शेजारचे काका स्कूटर घेऊन कामावर गेलेले. मी चौकापर्यंत पळाले, एक जीप थांबवली, तो ड्रायव्हर कोणाची तरी वाट पाहत होता, त्याची मनधरणी केली. दवाखान्यात पोचलो तोवर तास होऊन गेला होता. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते कधी जड झालं, मला कळलं नाही.

तुम्ही बूट-हेल्मेटसकट आलात. अंगावर धूळ तशीच. तुम्ही एकच विचारलं. "गाडी कावून नाही नेली?" मी म्हणाले, "टॅग होता." तुम्ही हेल्मेट काढलंत. बराच वेळ त्याच्या आत पाहत उभे राहिलात. मग म्हणालात, "बरोबर केलं तू." त्या तीन शब्दांवर मी पस्तीस वर्षं काढली. गाडीचे ब्रेक उघडे होते, नेली असती तर रस्त्यात दोघीही गेलो असतो, असं मी स्वतःला सांगत आले. दुसऱ्यांनाही सांगितलं. भाच्याला लहानपणी शिस्तीची गोष्ट म्हणून सांगितलं.

आणि तुम्हाला काय सांगितलं, ते आठवतं? तुम्ही रिटायर होऊन दोनेक वर्षं झाली असतील, रिसालीच्या या घरात आपण आलो होतो. गाडी बदलण्यावरून पुन्हा वाद झाला. तुम्ही म्हणालात, "चालून राहिली ना? मंग?" माझी जीभ तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हणाले, "आईच्या वेळी नाही चालली. आता चालून काय उपयोग?" तुम्ही चहाचा कप ठेवलात, बाहेर गेलात आणि गाडी धुतलीत. सकाळीच एकदा धुतली होती.

त्या दिवसाची ओळ मी मंगळवारी अंगणात उभ्यानं वाचली. काम पूर्ण, अकरा-चाळीस. ट्रायल ओके. "टॅग काढला" हा रकाना रिकामा. अख्ख्या वहीत तेवढा एकच. आणि शेऱ्यात, वेगळ्या शाईनं, एक शब्द: विसरलो.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, चूक कबूल केली की अर्धं ओझं उतरतं. तुम्ही ती वहीजवळ कबूल केलीत! मी समोरच्या खोलीत होते, बाबा. सतरा वर्षं होते. मी आरडाओरडा केला असता, चार दिवस जेवले नसते, वाट्टेल ते बोलले असते आणि मग झालं असतं. ते वाक्य तरी मी बोलले नसते. तुम्ही मला ते बोलू दिलंत आणि बादली उचललीत. ह्याचा मला अजूनही संताप येतो आहे, लिहिताना अक्षर वाकडं होतं आहे.

पण वही तिथे संपत नाही. पुढे ऑइल, प्लग, क्लच, सगळं नेहमीसारखं. आणि दर वर्षी तान्ह्या पोळ्याला एक ओळ. "ट्रायल. सेक्टर दोन ते दवाखाना. अकरा मिनिटं." पुढच्या वर्षी, "अकरा मिनिटं." मग "साडेदहा." सतरा ओळी. दर वर्षी त्या दुपारी तुम्ही गाडी घेऊन कुठेतरी जायचात. मला वाटायचं, घरात आठवण नको म्हणून जाता. घर बदलल्यावरही तुम्ही आपल्या जुन्या क्वार्टरपुढे जाऊन, तिथे दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळत असताना, घड्याळ लावून निघत होता. शेवटची ओळ थरथरत्या हाताची आहे. "तेरा मिनिटं. नवीन सिग्नल." म्हणून गाडी बदलायची नव्हती. दुसऱ्या गाडीनं ती अकरा मिनिटं मोजून काय उपयोग होता?

भाचा बाहेर येऊन म्हणाला, "आत्या, रो रही है क्या? अगं, लोखंड आहे ते." मी म्हणाले, "भिलाईत राहून लोखंडाला नावं ठेवतोस? जा, चहा टाक." तो गेला. चांगला मुलगा आहे.

आता माझं. पत्र पाठवायला पत्ता नाही, ते याच वहीत ठेवायचं आहे, म्हणून लिहिते. त्या दिवशी मी गाडीत बसायच्या आधी तिच्याभोवती फिरले होते. जॅक खाली नव्हता. चारी चाकांना व्हील कॅप बसवलेले होते. पाने पुसून हत्यारांच्या पेटीत ठेवलेले होते. काम अर्धं टाकून तुम्ही कधी पेटी बंद केली नाही, हे मला अकरा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. मला कळलं होतं, बाबा. मी टॅगची गाठ अर्धी सोडली होती. मग तुमचं नख आठवलं आणि मी ती परत बांधली. तुम्ही हेल्मेटमध्ये पाहत उभे होता, तेव्हा मी हे सांगायला हवं होतं.

रविवारी अकरा वाजता माणूस येईल. वहीच्या लेखी तो टॅग अजून लागलेलाच आहे आणि अशी गाडी मी कोणाला देणार नाही. तेव्हा, मी तुमच्यापासून काय लपवलं हे आता तुम्हाला कळलंच आहे. तुम्ही माझ्यापासून का लपवलंत, ते मला लेखी पाहिजे. त्या रिकाम्या रकान्यात, रविवारी सकाळी अकराच्या आत. नाही आलं, तर तो टॅग मी काढीन. मी लावलेला नसला तरी, सही माझी करून.