गटाराला आमचं नाव

१० जाने., सोम.
सांडपाण्याचा निकाल आला. गावच्या गटारात कोरोना आहे. शिवाय तापाच्या गोळीचा अंश, तोही भरपूर. ठाण्याच्या लॅबमधले सर फोनवर म्हणाले, लोक गोळ्या खाऊन घरात गप्प बसलेत. आरोग्य केंद्रात मात्र गावातून एकही नाव नाही. टेस्टला जातोय कोण!
बाटली मीच भरली होती. कंत्राटी काम, शहापूर-मुरबाडकडची गावं माझ्याकडे. त्यात आपलंही.

१२, बुध.
ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर निकाल फिरला. जागा : बौद्धवाडा. डोकंच फिरलं. गटार वरच्या आळीत सुरू होतं, देवळामागून उतरतं, आमच्या विहाराशी ओढ्याला मिळतं. सगळ्या गावाची घाण आमच्या दारावरून जाते. बाटली गटाराच्या ओढ्याकडच्या तोंडाशी भरली, कारण भरायची तिथंच असते. लॅबने जागा विचारली तेव्हा सगळे म्हणतात तेच, 'बौद्धवाडा', मी सांगून बसले. मुरबाडात मोऱ्या बऱ्याच, त्यांना नुसते नंबर. इथं जागा एकच, म्हणून नाव.
संध्याकाळी आमच्या रस्त्याला बांबू आडवा.

१३, गुरु.
आई अंगणवाडीत मदतनीस. पोरांच्या शिध्याची पाकिटं घरोघर द्यायला वरच्या आळीत गेली, पिशवी तशीच परत. "कोन घेत नाय गो. सरपंचीणबाई म्हनली, आता दुसरी बाय धाडा." हिच्या हातची खिचडी खाऊन वाढली ती पोरं! आई रडली नाही. पाकिटं फळीवर रचली, वर कापड टाकलं. मलाच जेवण गेलं नाही.
अंगणवाडीच्या बाईंचाही आईला फोन आला, थोडे दिवस घरीच राहा. थोडे म्हणजे किती? दुसरी बसली की बसलीच.

१५, शनि.
कुणाला न विचारता वरच्या आळीत गेले. गटार सुरू होतं तिथं बाटली भरली. कडेला गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. सरपंचीणबाई ओट्यावर, कानाला मफलर, आवाज बसलेला. काय करतेस म्हणून विचारलं. सांगितलं. मग हळूच म्हणाली, "आमच्या आळीचं नाव नको लिवूस गो. पोराची सोयरीक चाललीय."
म्हणजे हिला कळतं, नाव लागलं की काय होतं ते. चांगलं कळतं. आणि तरी माझ्या आईला...

२०, गुरु.
वरचा निकाल आला. तेच. कोरोना तोच, गोळ्या त्याच.
सर आधी रागावले, यादीत नसलेली बाटली पाठवली म्हणून. मग म्हणाले, याला जागेचं नाव नको, 'नमुना दोन' लिहू. उगाच गावात तेढ. तेढ! बांबू आडवा पडला तेव्हा तेढ नव्हती?
म्हटलं, "मग पहिल्याचंही नाव काढा, सर."
तो निकाल तर पाठवून झाला, म्हणाले. मग दोन्हींना नावं लावा, म्हटलं. संध्याकाळी कळवतो, म्हणाले.
वरच्या आळीत बांबू पडावा असं मला वाटत नाही. पडणारही नाही, बांबूवाले तिथलेच. आमचा निघाला म्हणजे झालं.
दोन्ही निकाल ग्रुपवर मीच टाकले तर? कंत्राट जाईल. मग घरात ना तिचा पगार, ना माझा.
दिवे लागले. फोन नाही. आई अंगणवाडीची साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलीय. "आलं का गो वरच्यांचं? मंग जाऊ मी?"
थांब म्हटलं. मला म्हणायला लागलं, माझ्याच आईला.