राजदूताची शेवटची नेमणूक

३ फेब्रुवारी, सोमवार. कळसाडी

आले एकदाची! नंदुरबारहून शहाद्यापर्यंत एसटी, पुढे भावेशची जीप. भावेश म्हणजे ज्यांच्या घरी काम आहे त्या रूपचंदकाकांचा मुलगा, तिशीचा, भारी बडबड्या. वाटेत ऊसतोड चालू होती. एका वळणावर ट्रॅक्टर आडवा आला तर त्यानं उतरून ड्रायव्हरशी गप्पाच मारल्या, वर माझ्यासाठी दोन कांड्या मागून आणल्या.

घर दुमजली, नवं. पुढे केळी, मागे ऊस. मागचं दार उघडलं की थेट उसात. भावेशच्या आईनं, मीनाकाकूंनी, विचारलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी चालेल ना. चालेल काय, धावेल!

काम असं. काकांची बहीण मोहिनी शिकायला मॉस्कोला गेली आणि तिथे पावेल अर्काद्येविच रुदाकोव या परराष्ट्र खात्यातल्या तरुणाशी लग्न करून बसली. त्यांनी सगळी नोकरी आशियात काढली, शेवटी दोन देशांत राजदूत होते. निवृत्तीनंतर दोघं इथेच येऊन राहिले. मोहिनीबाई दिवाळीत वारल्या. पाठोपाठ त्यांना अर्धांगवायू झाला आणि उजव्या अंगाबरोबर हिंदी, इंग्रजी, घरातली गुजरी बोली, सगळ्या भाषा गेल्या. उरली फक्त रशियन. ती इथे कोणाला येणार? म्हणून मी. पुण्यात रशियन शिकत होते तेव्हा आमच्या गल्लीत सगळे हसायचे. घ्या आता!

६ फेब्रुवारी

पावेल अर्काद्येविच गोड माणूस आहेत. मला वडिलांचं नाव विचारलं आणि लगेच ‘सदफ इद्रिसोव्ना’ करून टाकलं. अब्बांना फोनवर सांगितलं तर दुकानात रंधा बाजूला ठेवून हसत बसले.

दुपारी चहा झाला की ते नोकरीतल्या गोष्टी सांगतात. हनोईत सगळ्यात धाकटे सचिव होते तेव्हा दूतावासाच्या स्वयंपाकघरात माकड शिरलं होतं. एका डोंगराळ देशात राजाला नेमणुकीचं पत्र देऊन पाठ न दाखवता मागे मागे चालत यायचं होतं, तर ते थेट बँडवाल्याच्या ढोलावर आदळले. मी घरच्यांना सांगत गेले, काकू पदर तोंडाला लावून हसल्या. काका म्हणाले, झटक्यानंतर दाजींचं पहिल्यांदाच काहीतरी कळतंय.

एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगतात. राजदूत स्वतःचं काही बोलत नाही. ज्यांनी पाठवलं त्यांचं बोलतो. आणि दुभाष्याला तर तेवढाही अधिकार नाही.

१० फेब्रुवारी

आज सकाळी त्यांनी दाढी करून मागितली, काळा कोट मागितला. म्हणाले, नेमणूक आली आहे. काकांना वाटलं, जुनं काही आठवलं असेल. सगळ्यांनी हौसेनं तयार केलं.

मग मागचं दार उघडायला सांगितलं. खुर्ची दाराशी नेली. आणि ते उठून उभे राहिले. त्या मेलेल्या पायावर. उसाकडे बघून कमरेत वाकले, बराच वेळ मान किंचित कलती ठेवून ऐकत राहिले. मध्ये दोनदा होकार दिला. वारा नव्हता, पण दारासमोरचा ऊस तेवढाच हलत होता.

बसल्यावर मला म्हणाले, आमच्या बाजूची विनंती आहे, हे दार यापुढे बंद करू नये. मी सांगितलं. काकूंनी आनंदानं दाराला विटेचा टेकू लावला. त्यांना वाटतंय, मोहिनीबाई येतात.

१३ फेब्रुवारी

फुलीबाई घरकामाला येते. नवरा रायसिंग काकांच्या केळीत पाणी बघतो. आज ती केर काढत असताना पावेल अर्काद्येविच दाराशी उभे राहिले, ऐकलं, मग तिच्याकडे वळून अगदी जड, औपचारिक रशियनमध्ये बोलले. शोकसंदेश होता. श्रीमती फुलीबाई यांस, आपले पती रायसिंग यांच्या दुःखद निधनाबद्दल आमच्या बाजूकडून तीव्र सहवेदना.

फुलीबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हसत हसत तो संदेश सांगून टाकला, वर म्हटलं, बाबांचं डोकं फिरलंय. तीही हसली. म्हणाली, जिताजागता शे तो, आत्ताच च्या पिऊन गया.

१४ फेब्रुवारी

रायसिंग गेला. काल संध्याकाळी केळीच्या ओळीत मांडी घालून बसलेला सापडला. डॉक्टर म्हणतात, हृदय.

फुलीबाई आली नाही. पावेल अर्काद्येविचना विचारलं तर त्यांना काही आठवेना. माझा हात धरून रडले. मी काय बोललो, इद्रिसोव्ना? कोणाला बोललो?

१७ फेब्रुवारी

आज पावेल अर्काद्येविचनी रूपचंदकाका आणि मीनाकाकू दोघांना समोर बसवलं. तोच कोट, तोच आवाज. आपले चिरंजीव भावेश यांच्या दुःखद निधनाबद्दल...

भावेश बाहेर जीप धूत होता. गाणं म्हणत होता.

मी म्हटलं, दाजी म्हणतात, यंदा केळी झकास झाली. काकांनी हात जोडले. पावेल अर्काद्येविच माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नाही. पण बघत राहिले.

१८ फेब्रुवारी

भावेश ठणठणीत. शेतावर जाऊन आला, जेवला, माझी चेष्टा केली. अल्लाहचे उपकार. म्हणजे संदेश पोचला नाही तर लागू होत नाही. मी तोंड बंद ठेवायचं, बस. मला येईल ते.

२० फेब्रुवारी

भावेश जेवत नाही. भूक नाही म्हणतो. मागच्या दारात जाऊन उभा राहतो. ताट देताना हात लागला, पहाटेच्या हौदातल्या पाण्यासारखा गार. गाणं नाही, बडबड नाही. पापणी लवत नाही.

२२ फेब्रुवारी

शहाद्याच्या डॉक्टरांनी नाडी बघितली. मग दुसऱ्या हाताची. मग मशीन बदललं. मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले, पण नजर वर करेनात.

भावेश गाडीत बसेना. मागच्या दाराच्या चौकटीला धरून उभा. आई गं, असं सारखं म्हणतोय, एकाच पट्टीत. त्याला दुखतंय. किती ते त्याच्या हातांच्या शिरांकडे बघून कळतं.

पावेल अर्काद्येविच म्हणाले, आमच्या बाजूची तक्रार आहे. संदेश पोचवलेला नाही. ज्याच्याविषयी होता तो दारात अडकला आहे. त्याला इकडेही घेता येत नाही, तिकडेही ठेवता येत नाही. बोलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आता त्यांना सगळं आठवतं. मी म्हटलं, नकार द्या ना तुम्ही! तर म्हणाले, राजदूताला नकार देता येत नाही. त्याला फक्त परत बोलावतात. मी रोज विनवतो, मला परत बोलवा.

२३ फेब्रुवारी

बॅग भरली होती. मीनाकाकूंनी अंगणात माझे पाय धरले.
“तू गई ते आम्हले कोन समजाडी? बेटा, दाजी काय बोलनात त्या दिवशी? केळीनं नही ना ते? खरं सांग.”

माझ्याहून दुप्पट वयाची बाई. माझ्या पायांवर कपाळ. मी बॅग परत आत नेली. खरं मात्र सांगितलं नाही. कसं सांगू?

२४ फेब्रुवारी

भावेशनंच हाक मारली. आवाज खरवडून काढल्यासारखा.
“ताई, सांगी दे. माले आते सहन व्हत नही.”
म्हणजे त्याला माहीत होतं.

काका-काकू दोघं तिथेच होते. मी सांगितलं. शब्दाला शब्द, जसं होतं तसं. माझं वाक्य पुरं झालं आणि त्यानं मोठा सुटकेचा श्वास सोडला. मग आईच्या मांडीवर—

काकू माझ्याकडे बघत नाहीत. रागानं नाही. भीतीनं.

२५ फेब्रुवारी

तापीवर नेऊन आले त्याला. मी घरात, पावेल अर्काद्येविचसोबत. दार बंद करायला गेले. वीट हलली नाही. साधी वीट—

२६ फेब्रुवारी

आज ते माझ्याकडे वळले. म्हणाले, हा संदेश आपल्यासाठी नाही, आपण फक्त पोचवायचा आहे. श्रीमती मेहरुन्निसा यांस.

अम्मीचं नाव. मी ते या घरात कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

पुढचं लिहीत नाही. इथे मराठीत लिहिलं तर तोही अनुवादच होईल.

२७ फेब्रुवारी

नाही सांगायचं. अम्मीचा फोन आला, उचलला नाही. रमजान आलाय तोंडावर, ती वाट बघत असेल— चहाला चव नाही. पाण्यालाही नाही.

२८ फेब्रुवारी

मागच्या दाराशी जाऊन उभी होते. कधी गेले माहीत नाही. उसातून कोणी हाका मारत नाही. मला वाटलं होतं, हाका मारतील. तिथे नुसतं थांबलेलं आहे काहीतरी, शिस्तीत, रांगेसारखं—

दुखायला लागलंय. भावेश कसा सोसत होता—

१ मार्च

काकांनी घरी कळवलं. मी नको म्हणत होते, आवाज निघाला नाही. अम्मी आली आहे. एकटीच. माझे हात चोळतेय. चल बेटा, घर चल, म्हणतेय. इतके थंडे हात कसे झाले, विचारतेय—

पावेल अर्काद्येविच उभे राहिले आहेत. कोट घालून. तिच्यासमोर. बोलत आहेत. रडत आहेत आणि बोलत आहेत.

ती माझ्याकडे बघतेय. काय म्हणतात हे?

मी दात आवळून धरलेत. तोंड उघडणार नाही. तोंड उघडू नये म्हणून हे लिहीत बसलेय, लिहीत राहिलं की—

पण हात माझा नाही चालत. हात त्यांच्या शब्दांमागे चाललाय, मी थांबवतेय, नाही थांबत—

श्रीमती मेहरुन्निसा यांस

अम्मीला मराठी वाचता येतं. ती वाकून बघतेय. अम्मी, नको, वाचू नको, इकडे नको बघू—

आपली कन्या सदफ हिच्या दुःखद