धुक्यात अडकलेली बोट

माँटेव्हिडिओ, १ ऑगस्ट १९३०

प्रिय आई,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. माझा खोकला गेला, काळजी करू नकोस.

परवा विश्वचषक उरुग्वेने जिंकला, हे तिकडे कळलेच असेल. मध्यंतराला आपला अर्जेंटिना पुढे होता. चेहऱ्यावर आनंद दिसू नये म्हणून मी स्वयंपाकघरातच थांबले. सासूबाई म्हणाल्या, "हस की गं! तुझ्या हसण्याने आमचे गोल अडणार आहेत थोडेच!"

सेल्सोदादासाठी ताट मांडून ठेवले होते. लग्नानंतर माहेरचे कुणी पहिल्यांदाच येणार होते. पण त्याची बोट नदीवरच्या धुक्यात अडकली आणि काल सकाळी धक्क्याला लागली. मी तिथे पोहोचेपर्यंत सगळे त्याच बोटीने परतले होते, सामना संपला म्हणून. दादा फक्त सामन्यासाठीच येत होता का गं?

घरी आले तर गल्लीत अजून नाच चालला होता. सासूबाईंनी येर्बाच्या पानांचा काढा हातात दिला. इथे सगळे तो कडूच पितात, मीही पिते. कालच्या काढ्यात आपल्याकडच्यासारखी साखर होती.

"पी पोरी," एवढेच त्या म्हणाल्या.

हरल्याच्या रागात तिकडे दगडफेक झाली म्हणतात. दादा सुखरूप पोहोचला एवढे कळव. त्याला ताटाचे सांगू नकोस.

तुझीच,
ऑरेलिया