उशिराच्या हंगामातली हरणी

टॅनर्स फोर्क, पेनसिल्वेनिया
गुरुवार, २९ डिसेंबर १९८३

प्रिय टेक्ला,

तू आणि युलिया दोघी बहिणी बऱ्या असाल. इकडे थंडी अशी पडली आहे की गाडीचं कुलूप उघडायला किल्ली काडीच्या जाळावर तापवावी लागते. आईंचा गुडघा तसाच आहे, पण खोकला नाही. तुझ्या कुंड्या मी आतल्या खिडकीशी आणून ठेवल्यात.

आता बातमी सांगतो, हसू नकोस. मी हरणाच्या शिकारीला जातो आहे.

हो, मीच. हंगामाच्या पहिल्या दिवशी आख्ख्या शाळेला सुट्टी असते, आणि त्या दिवशी घरी पेपर तपासत बसणारा या खोऱ्यातला एकुलता एक मास्तर मी. सोमवारी सकाळी तुझ्या आईंनी बाबांची ठासणीची बंदूक आणून माझ्या कॉफीच्या कपाशेजारी आडवी ठेवली.

"मास्तर, आमचा नाताळ जुन्या पंचांगाचा, सात जानेवारीला. त्या दिवशी माझ्या टेबलावर हरणाचं मांस लागतं. एकतीस वर्षं लागत आलंय."

"आई, हंगाम तर संपला."

"रायफलवाल्यांचा संपला. चकमकीच्या बंदुकीचा आता सुरू झाला. माझे वासिल नेहमी यातच मारायचे."

"शेजारी कुणी देईल की थोडं."

"मागून आणू? घरात एक पुरुष आहे असं मला वाटत होतं."

मी बंदूक उचलली. तुला ठाऊक आहे, माझ्याशी त्या कधी आवाज चढवत नाहीत. बारा वर्षं 'तुम्ही' म्हणतात आणि त्या 'तुम्ही'नंच सोलून काढतात.

तर रोज सकाळी आम्ही दोघं ओढ्यावरच्या हेमलॉकच्या झाडीत जातो. आई उलट्या बादलीवर घोंगडी घालून बसतात, मी खाली झाडाला टेकून. रायफलवाल्यांनी दोन आठवडे गोळ्या घातल्यावर जी हरणं उरली आहेत ती माझ्यापेक्षा हुशार आहेत. माझा बूट बर्फात जरा करकरला की पलीकडच्या उतारावर नुसत्या पांढऱ्या शेपट्या दिसतात.

मंगळवारी एक हरणी तीस पावलांवर आली. मी नेम धरला, चाप ओढला. घोडा पडला, ठिणगी उडाली, बाहेरच्या वाटीतल्या दारूचा भस्सकन जाळ झाला, माझी उजवी भुवई करपली आणि बंदूक गप्प. आतली दारू पेटलीच नाही. हरणीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि सावकाश निघून गेली.

"कान साफ केला होता?" आईंनी विचारलं.

मी माझ्या कानाला हात लावला. त्यांचा अर्थ बंदुकीचा कान, जाळ आत जायचं ते बारीक भोक. त्या इतक्या हसल्या की बादलीवरून पडता पडता वाचल्या.

पण बंदुकीपेक्षा त्यांची तक्रार वेगळीच आहे. मला बसता येत नाही म्हणतात. मी मान वळवतो, पाय हलवतो, उठून हात चोळतो. काल म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला नेम नंतर शिकवू. आधी बूड टेकायला शिका."

सात तारखेला तू येशील का? आई विचारत नाहीत. मी विचारतो आहे.

तुझा,
ऑरिन


बुधवार, ४ जानेवारी १९८४

प्रिय टेक्ला,

तुझं पत्र काल मिळालं. सात तारखेबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. आईंना चार ओळी, मला दोन, आणि त्या दोनमध्ये पुन्हा तोच प्रश्न. बाबा शेवटी काय म्हणाले.

टेक्ला, मी तुला मार्चमध्ये सांगितलं, एप्रिलमध्ये सांगितलं, उन्हाळाभर सांगत होतो. झोपेत गेले. त्यांचा हात माझ्या हातात होता. आणखी काय सांगू? तू सप्टेंबरात युलियाकडे निघून जाताना म्हणालीस की मी तुझ्याशी बोलत नाही. एकाच गोष्टीवर किती बोलायचं माणसानं?

असो. रागावून लिहायचं नव्हतं.

शाळा काल सुरू झाली. आता साडेतीनला सुटलो की तसाच जंगलात. तासाभरात अंधारतं. काल पुन्हा हरणी आली, या वेळी चाळीस पावलांवर, आडवी उभी. बाहेर जाळ झाला, आत काही नाही. कान साफ केला, पुन्हा वाटीत रंजकाची दारू घातली, पुन्हा चाप. काही नाही. चार वेळा! तोवर हरणी पुढच्या गावात पोचली असेल.

आईंनी बंदूक मागितली, नळीत गज घालून पाहिला आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"मास्तर, दारू कुठाय?"

"कुठली दारू?"

"नळीतली! चिंधी ठासली, गोळी ठासली, आणि दारू घातलीच नाही तुम्ही. ही बंदूक आहे की लाटणं?"

घरी येऊन गजाला मळसूत्र लावून ती गोळी ओढून काढायला एक तास गेला. माझे अंगठे सोलले. आई शेजारी बसून कोबी चिरत होत्या आणि मध्येच आठवून हसत होत्या. वासिलनी लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात हेच केलं होतं, म्हणाल्या. हे त्या सांत्वन म्हणून बोलल्या की अजून खिजवायला, कळलं नाही.

मला राग येतो, टेक्ला. हरणाचा नाही, बंदुकीचाही नाही. पस्तीस मुलांना भूमिती शिकवणारा माणूस मी, आणि मला एका जागी वीस मिनिटं बसवत नाही. थंडी वाजते म्हणून नाही. शांत झालं की माझ्या डोक्यात काहीतरी सुरू होतं आणि मला उठावंच लागतं. आई हे बघतात. काल परतताना त्यांनी एकदम विचारलं, "तुम्ही पहिल्यापासून असेच होतात का?"

मी म्हटलं, "असेच म्हणजे कसे?"

त्या काठी टेकत पुढे चालत राहिल्या.

परवा शुक्रवारी रजा टाकली आहे. मुख्याध्यापकांनी कारण वाचलं आणि अर्ज भिंतीवर लावून ठेवला, सगळ्यांनी वाचावा म्हणून. शुक्रवारी नाही मिळालं तर सातला कोंबडी.

ऑरिन


रविवार, ८ जानेवारी

टेक्ला,

तू आली नाहीस. हे पत्र वाचलंस की म्हणशील, बरं झालं गेले नाही.

हरणी मिळाली. तेच आधी सांगतो, कारण दुसरं कुठून सुरू करायचं ते मला माहीत नाही.

शुक्रवारी, नाताळच्या आदल्या दिवशी, तुमचा उपास. आई सकाळपासून पाण्यावर होत्या, तरी आल्या. मी म्हटलं घरी थांबा, तर म्हणाल्या, "आणि तुम्ही पुन्हा दारू विसरलात तर?" आठ वाजता बसलो. वारा समोरून होता. पहिला अर्धा तास माझं नेहमीचंच सुरू होतं, मग आई मागून हळूच म्हणाल्या, "जे डोक्यात येतंय ते येऊ द्या. उठू नका." मी उठलो नाही. दोन तास. बोटं कुणाची आहेत तेही कळेना, तरी उठलो नाही.

दहाच्या सुमारास चार हरण्या एकीमागून एक झाडीतून खाली उतरल्या. तिसरी थांबली. या वेळी जाळ आणि बार एकदमच झाला, समोर धुराचा पडदा. धूर हटला तेव्हा तिथे काही नव्हतं. बर्फावर थोडं रक्त आणि केस.

मी उठून धावायच्या बेतात होतो. आईंनी काठी माझ्या छातीवर आडवी धरली.

"अर्धा तास. हलायचं नाही."

"आई, ती तडफडत असेल!"

"असेल. आत्ता मागे लागलात तर घाबरून डोंगर ओलांडेल आणि तिकडे तीन दिवस तडफडेल. बसा."

तो अर्धा तास मी काढला. मग त्या म्हणाल्या, "आता जा. माझ्या गुडघ्याला ही चढण झेपायची नाही. मी इथेच आहे."

दोनशे पावलांवर, पडलेल्या झाडाच्या आडोशाला ती बसलेली होती. बसलेली, मेलेली नाही. मान वर होती. मला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला, पुढचे पाय उचलले गेले, मागचे नाहीत. मी बंदूक भरली. दारूसकट. चाप ओढला आणि चकमकीचा तुकडा उडून बर्फात गेला. दुसरा तुकडा लावायला जावं तर बोटं वळेनात, स्क्रू हातातून पडला. कमरेला सुरी होती. माझ्याच्यानं झालं नाही, टेक्ला. खरं सांगतो, मी सुरी काढलीसुद्धा आणि परत ठेवली.

ती श्वास घेत होती. आत पाणी असल्यासारखा, ओढून ओढून. मध्येच थांबायचा, आता संपलं असं वाटायचं, की पुन्हा.

तो आवाज मला माहीत होता.

मी उठलो. आईंना बोलावतो, असं मोठ्यानं म्हणालो, जसं काही तिला ते कळणार होतं. चार पावलं खाली उतरलो. पाचवं टाकलं नाही. परत गेलो आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बर्फात बसलो. तिचा डोळा माझ्याकडे होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग मान खाली गेली आणि आवाज थांबला.

टेक्ला, मार्चमध्ये मी बसलो नव्हतो.

तू तीन रात्री जागली होतीस. आई चर्चला गेल्या होत्या. तू म्हणालीस, "एक तास पडते. जरा काही वेगळं वाटलं तर मला उठव." मी त्यांच्या उशाशी खुर्चीत बसलो. त्यांच्या छातीतला तो आवाज दहा मिनिटं ऐकला, आणि मग मला ऐकवेना. आधी ओसरीवर गेलो. तिथेही येत होता, किंवा येतोय असं वाटत होतं. म्हणून गाडीत जाऊन बसलो, काचा वर केल्या, इंजिन सुरू केलं. वीस मिनिटं असेन. आत आलो तेव्हा ते गेलेले होते. हात माझ्या हातात नव्हता. पलंगाच्या बाहेर लोंबत होता. तो मी उचलून पांघरुणावर ठेवला आणि मग तुला हाक मारली.

तू मला मिठी मारलीस. "तू होतास तरी जवळ," म्हणालीस. त्यानंतर खरं बोलायला तोंड उघडेना. तू सगळ्यांना सांगायचीस, माझ्या नवऱ्यानं बाबांचा हात धरला होता. तू कौतुकानं सांगायचीस आणि मी खोलीतून निघून जायचो. तुला वाटलं मला तुझा कंटाळा आलाय.

हरणी ओढत खाली आणली. आईंनी बाह्या सारल्या, सुरी मागितली आणि पोट कुठून उघडायचं ते दाखवू लागल्या. आतून वाफ आली. मी तिथेच बोललो. "आई, बाबा गेले तेव्हा मी खोलीत नव्हतो."

त्यांचा हात थांबला नाही.

"ठाऊक आहे. चर्चमधून येताना वळणावरून तुला गाडीत बसलेलं पाहिलं. मी फाटकापर्यंत येईस्तोवर तू आत धावलास."

बारा वर्षांत पहिल्यांदा मला 'तू' म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"मी का बोलू? मी होते का गाडीत? वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. माझी पोरगी घर सोडून गेली तरी तुझं तोंड उघडलं नाही. क्लीव्हलँडला बहिणीच्या सोफ्यावर झोपते ती, कशामुळे तेसुद्धा तिला माहीत नाही."

"आई, मी—"

"माफी मागू नकोस. मी अजून माफ केलेलं नाही. कधी करेन तेही सांगत नाही. पाय धर तिचा, नीट, सुरी घसरेल."

मी पाय धरला. मग त्यांनी मला काळीज कुठे असतं, आतड्यांना धक्का न लावता ते कसं काढायचं, सगळं दाखवलं. नेहमीसारखंच, चुकलं की ओरडून. फक्त 'तू' म्हणून.

काल सातला त्यांनी ते मांस आंबट कोबीत शिजवलं. चिवट होतं. आम्ही दोघांनी खाल्लं. बाबांसाठी प्रार्थना म्हणताना त्या मध्येच थांबल्या, पुढचं मला म्हणायला लावलं. मला शब्द नीट येत नव्हते. त्यांनी सुधारले नाहीत.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हे आईंनाही सांगितलेलं नाही. आधी तुला.

मी खुर्चीतून उठलो तेव्हा बाबांनी डोळे उघडले. शब्द नीट फुटत नव्हते, पण समजले. "टेक्ला उठली का?"

मी म्हटलं, "झोपू द्या तिला, बाबा. दमलीय ती." त्यांनी मान हलवली. मी बाहेर गेलो.

तू भिंतीपलीकडे होतीस. एक हाक मारली असती तर आली असतीस. तू दमली होतीस हे खरं, पण मी ते तुझ्यासाठी म्हटलं नाही. तू आली असतीस तर मला तिथे थांबावं लागलं असतं.

मी तिकडे येणार नाही, फोनही करणार नाही. आईंचा गुडघा सावरेपर्यंत इथे आहे. नंतर या घरात राहायचं की नाही ते तू ठरव. जे ठरवशील ते आईंना कळव, त्या मला सांगतील, आणि मऊ करून सांगणार नाहीत.

तुला ज्यानं उठवलं नाही, तो,
ऑरिन